चित्रपट आणि माध्यम अभ्यासाचं एम.ए.: दोन वर्षांत नेमकं काय असतं

प्रश्न असा आहे: बी.ए. झालं आहे, स्क्रीन अँड मीडिया स्टडीजमध्ये एम.ए. करायचं आहे. दोन वर्षांत काय शिकवतात, ब्रिटनच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाशी तुलना कशी करायची आणि प्रवेशाआधी काय तपासायचं?

अभ्यासक्रमाची पुस्तिका हातात आली की बहुतेक जण पहिल्या सत्राच्या विषयांची नावं वाचतात. तुम्ही शेवटच्या पानापासून सुरुवात करा. चौथ्या सत्रातला संशोधन प्रकल्प कसा लिहून मागितला आहे ते पाहा आणि तिथून एकेक सत्र मागे या. त्या प्रकल्पाला लागणारं प्रत्येक कौशल्य आधी कुठल्या तरी विषयात शिकवलेलं सापडलं, तर अभ्यासक्रम विचार करून बांधला आहे. सापडलं नाही, तर विषयांची नावं कितीही आकर्षक असोत, शेवटच्या सहा महिन्यांत सगळं तुम्हाला एकट्याने उभं करावं लागेल.

आधी हे ठरवा की तुम्हाला चित्रपट करायचा आहे की चित्रपटाचा अभ्यास करायचा आहे. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी ही कामं शिकायची असतील तर पुण्याची एफटीआयआय (चित्रपटनिर्मिती शिकवणारी राष्ट्रीय संस्था) किंवा तशा संस्था हा वेगळा रस्ता आहे. तिथे दिवस सेटवर आणि संकलनाच्या खोलीत जातो. एम.ए.मध्ये वाचन, पाहणं आणि लिहिणं हे मुख्य काम असतं. कॅमेरा असतो, पण विश्लेषणाला मदत म्हणून. भारतात चित्रपट अभ्यासाचा स्वतंत्र विभाग जादवपूर विद्यापीठात १९९३ मध्ये सुरू झाला. दिल्लीत जेएनयूच्या कला आणि सौंदर्यशास्त्र विभागात चित्रपट हा नाटक आणि दृश्यकलेच्या जोडीने शिकता येतो. महाराष्ट्रात पाट्या निरनिराळ्या असतात: कुठे संज्ञापन, कुठे फिल्म-टेलिव्हिजन-न्यू मीडिया, कुठे मास मीडिया. म्हणून नावावर जाऊ नका, क्रेडिटची विभागणी बघा.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणानंतर दोन वर्षांच्या एम.ए.ची चौकट ८८ क्रेडिटची आहे, म्हणजे प्रत्येक सत्राला २२. पहिल्या तीन सत्रांत मुख्य अनिवार्य विषयांना प्रत्येकी १४ आणि चौथ्यात १२ क्रेडिट असतात. प्रत्येक सत्रात ४ क्रेडिटचा एक वैकल्पिक विषय असतो. उरलेल्या जागेत पहिल्या सत्रात संशोधनपद्धती ४ क्रेडिट, दुसऱ्यात ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन घेतलेलं प्रशिक्षण) किंवा क्षेत्रप्रकल्प ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्प ४ आणि चौथ्यात संशोधन प्रकल्प ६. बेरीज करून पाहा: अनिवार्य ५४, वैकल्पिक १६, संशोधनपद्धती ४, ओजेटी ४, प्रकल्प १०. पहिलं वर्ष पूर्ण करून थांबलात तर पदव्युत्तर पदविका मिळते. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर एका वर्षात एम.ए. करता येतं, पण मग संशोधनपद्धती आणि चित्रपट-विश्लेषणाचा पाया पदवीत झालेला आहे असं गृहीत धरलं जातं. इतिहास किंवा अर्थशास्त्रात ऑनर्स करून थेट दुसऱ्या वर्षाच्या पातळीवर येणाऱ्याला हे जड जातं. अशांनी पहिल्या सत्राची वाचनयादी उन्हाळ्यातच मागून घ्यावी.

आता तासांचं गणित, कारण या विषयात खरी अडचण तिथेच असते. व्याख्यानाचा १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. ४ क्रेडिटचा विषय पूर्ण व्याख्यानाचा धरला तर ६० तास होतात, १५ आठवडे आणि आठवड्याला ४ तास. चित्रपट दोन ते अडीच तासांचा. दर आठवड्याला एक चित्रपट वर्गाच्याच वेळेत दाखवला तर चर्चेला दीड-दोन तास उरतात आणि त्यातही वाचलेल्या लेखाला वेळ मिळत नाही. चित्रपट घरी पाहून या म्हटलं तर निम्मा वर्ग मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी, कधी दुप्पट वेगाने पाहून येतो. मग शॉटच्या लांबीवर किंवा शांततेवर बोलणंच शक्य होत नाही.

यावर चांगला उपाय म्हणजे विषय ३ अधिक १ असा मांडणं. ३ क्रेडिट व्याख्यान-चर्चेचे म्हणजे ४५ तास, आणि १ क्रेडिट प्रात्यक्षिकाचा म्हणजे ३० तास. अडीच तासांचा एक धरला तर ३० तासांत १२ चित्रपट वेळापत्रकातच, पडद्यावर, सगळ्यांनी मिळून पाहून होतात. प्रवेश घेण्याआधी हा एकच प्रश्न विचारा: चित्रपट दाखवण्याचा वेळ वेळापत्रकात आहे का, आणि असेल तर कुठल्या खोलीत? अंधार होत नाही अशा वर्गात प्रोजेक्टर लावून दाखवत असतील, तर रात्रीची दृश्यं कोणालाच दिसत नाहीत आणि प्रकाशयोजनेवरचा धडा पाठ्यपुस्तकातल्या फोटोवर उरकावा लागतो.

पहिल्या सत्रात साधारण तीन मोठे विषय आणि एक २ क्रेडिटचं प्रात्यक्षिक असतं. चित्रपटभाषा आणि विश्लेषण, चित्रपटाचा इतिहास, माध्यम सिद्धांताची ओळख. नावं बदलतील, गाभा हाच. यातला चित्रपटभाषेचा विषय कच्चा राहिला तर पुढचं काहीच नीट होत नाही, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहितो.

मराठीतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची पहिली अडचण शब्दाची असते. ‘दृश्य’ हा एकच शब्द आपण शॉटलाही वापरतो, सीनलाही आणि जे काही दिसतं त्यालाही. उत्तरपत्रिकेत ‘या दृश्यात कॅमेरा जवळ जातो’ असं लिहिलं की तपासणाऱ्याला कळत नाही, कॅमेरा सरकला की पुढचा शॉट जवळून घेतला. शॉट म्हणजे दोन कट्‌सच्या मधला अखंड तुकडा. सीन म्हणजे एका जागी, एका सलग वेळात घडणारं. सीक्वेन्स म्हणजे एका कथनसूत्राने बांधलेले अनेक सीन. मराठीत लिहायचं असेल तर शॉट, सीन, सीक्वेन्स हेच शब्द तसेच ठेवा आणि ‘दृश्य’ हा शब्द विशेषण म्हणून राखून ठेवा. ‘झूम’ आणि ‘ट्रॉली’ हेही तसंच. झूममध्ये भिंगाचं नाभीय अंतर बदलतं, कॅमेरा जागेवर असतो. ट्रॉलीत कॅमेरा सरकतो आणि पुढच्या-मागच्या वस्तूंचं एकमेकांशी असलेलं अंतर बदलताना दिसतं. अर्थ लावण्याआधी हे ओळखता आलं पाहिजे.

ओळखायला शिकवण्याचं साधन म्हणजे शॉटतक्ता. दहा मिनिटांचा एक सीक्वेन्स घ्यायचा आणि रकाने आखायचे: शॉट क्रमांक, सुरुवातीची वेळ, लांबी सेकंदांत, शॉटचा आकार (जवळून, मध्यम की दुरून), कॅमेऱ्याची हालचाल, आवाज, पुढच्या शॉटकडे जाण्याची पद्धत, आणि शेवटी टिपण. शॉटची सरासरी लांबी ६ सेकंद असेल तर दहा मिनिटांत १०० ओळी होतात. नवख्याला एका मिनिटाच्या चित्रपटासाठी पाऊण तास लागतो, म्हणजे दहा मिनिटांना साडेसात तास. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ ही कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे जातं. कट नेमका कुठे आहे ते त्यानेच कळतं. काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही. वीस-तीस तक्ते केलेला विद्यार्थी आणि एकही न केलेला विद्यार्थी यांच्या लेखनातला फरक पहिल्या परिच्छेदातच दिसतो.

इथे हमखास होणाऱ्या दोन चुका आधीच सांगतो. पहिली वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, पण पाल या टीव्ही-प्रक्षेपण पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर तो सेकंदाला २५ फ्रेमने चालतो. म्हणजे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि तुमची प्रत्येक लांबी ४ टक्के कमी भरते. दोन चित्रपटांची तुलना करताना एक पालवरून आणि एक ब्लू-रेवरून मोजला तर निष्कर्षच चुकतो. मूकपटांत हा गोंधळ आणखी वाढतो, कारण ते २४ पेक्षा कमी वेगाने चित्रित झालेले असत आणि कितीतरी प्रती चुकीच्या वेगाने उतरवल्या गेल्या आहेत.

दुसरी चूक चौकटीची. प्रभात फिल्म कंपनीच्या काळातले चित्रपट जवळपास ४:३ च्या चौकटीत आहेत. आज ते इंटरनेटवर किंवा टीव्हीवर १६:९ करून दाखवतात, म्हणजे वरून-खालून मिळून पाव चित्र कापलेलं असतं. त्या प्रतीवरून ‘दिग्दर्शकाने चेहरा घट्ट चौकटीत कोंडला आहे’ असं लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात. ती कोंडी चॅनेलने केलेली असते. म्हणून तक्त्याच्या डोक्यावर कुठली प्रत, किती लांबी, कुठलं चौकटीचं प्रमाण हे लिहिणं सक्तीचं हवं.

इतिहासाच्या विषयात तारखा पाठ करण्यापेक्षा पुरावा कसा उभा राहतो हे महत्त्वाचं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला, पण भारतातले बहुतांश मूकपट आज उरलेलेच नाहीत. मग त्या काळाचा अभ्यास कागदावर करावा लागतो: वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, चित्रपटाच्या पुस्तिका, सेन्सॉरच्या नोंदी, आणि १९२७-२८ च्या भारतीय सिनेमॅटोग्राफ समितीपुढे दिलेल्या साक्षींचे छापील खंड. हे खंड म्हणजे सोन्याची खाण आहे. थिएटरमालक, वितरक, शिक्षक, सरकारी अधिकारी यांनी प्रेक्षक कोण, तिकीट किती, कुठले चित्रपट चालतात याबद्दल स्वतः सांगितलेलं तिथे आहे. पहिल्या सत्रातच विद्यार्थ्याला असा एक तरी मूळ कागद वाचायला लावणारा अभ्यासक्रम चांगला.

पुण्याजवळ राहणाऱ्यांना लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हाताशी आहे. ते १९६४ मध्ये स्थापन झालं. तिथे नुसती रिळं नाहीत. पुस्तिका, पोस्टर, छायाचित्रं, पुस्तकं, नियतकालिकं आहेत. जाताना विभागाचं पत्र, विषय आणि हव्या असलेल्या गोष्टींची नेमकी यादी घेऊन जा. ‘मराठी चित्रपटांबद्दल काही आहे का’ या प्रश्नावर कोणीही मदत करू शकत नाही. एखादा चित्रपट बघायचा असेल तर तो कुठल्या स्वरूपात आहे, दाखवण्याजोगी प्रत आहे का, हे आधी विचारा आणि हातात निदान महिनाभर ठेवा.

माध्यमांच्या बाजूचे विषय लवकर सांगतो. टेलिव्हिजनमध्ये १९७५-७६ चा साईट प्रयोग नक्की असतो: उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत कार्यक्रम पोचवले गेले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, मराठी खासगी वाहिन्या १९९९ च्या सुमारास. या दोन्हींच्या मधल्या काळात कार्यक्रमाचा खर्च कोण देतं हे बदललं आणि त्यामुळे मालिकेची लांबी, भाग संपवण्याची पद्धत, जाहिरातीच्या आधीचा ताण हे सगळं बदललं. टेलिव्हिजनचा विषय असाच, पैशापासून रूपाकडे शिकवायला हवा. कायद्याच्या भागात १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आणि ऑनलाइन माध्यमांसाठीचे २०२१ चे नियम शेजारी ठेवून वाचा: थिएटरला प्रदर्शनाआधी प्रमाणपत्र लागतं, ओटीटीला तसं लागत नाही, तिथे वयोगटाचं वर्गीकरण आणि तक्रार-निवारण आहे. डिजिटल संस्कृतीच्या विषयात माहिती मिळवण्याची अडचण मोठी आहे. संशोधकांना ट्विटरचा डेटा पूर्वी मोफत मिळायचा, तो मार्ग २०२३ मध्ये बंद झाला. त्यामुळे दहा हजार पोस्ट गोळा करणार असं प्रस्तावात लिहिण्याआधी त्या कशा मिळणार ते लिहा.

संशोधनपद्धती हा विषय बऱ्याच ठिकाणी समाजशास्त्राच्या पुस्तकातून जसाच्या तसा उचललेला असतो: नमुनानिवड, प्रश्नावली, टक्केवारी. ते प्रेक्षकांच्या अभ्यासाला लागतं. पण चित्रपटाचं निकट-वाचन (शॉट-शॉट करून बारकाईने केलेलं विश्लेषण), अभिलेखातलं काम, निर्मितीतल्या लोकांच्या मुलाखती या पद्धती त्यात नसतील, तर निम्म्या वर्गाला तो विषय निरुपयोगी ठरतो. परिणाम ठरलेला: चित्रपटाच्या रूपावर काम करू इच्छिणारे विद्यार्थीसुद्धा गूगल फॉर्मवर ५० मित्रांचं मत घेऊन तक्ते काढतात. ५० मित्र हा मराठी प्रेक्षक नव्हे. पुस्तिकेत संशोधनपद्धतीची घटकवार यादी असते, ती वाचा.

ओजेटीच्या ४ क्रेडिटला १२० तास लागतात. निर्मितीसंस्थेत जाऊन १२० तास चहा आणि कॉलशीट (दिवसाच्या चित्रीकरणाचं वेळापत्रक) वाटण्यात घालवणं सोपं आहे. महोत्सवाचं कार्यक्रम-नियोजन, संग्रहालयातली सूचीकरणाची कामं, उपशीर्षकं, एखाद्या ओटीटीसाठी मजकूर-वर्गीकरण यांत विश्लेषणाचं शिक्षण वापरलं जातं, आणि पुढे नोकरीसाठी दाखवायलाही तेच उपयोगी पडतं. सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या की शेवटी तुमच्या हातात काय असेल: १०० नोंदींची सूची, ४० मिनिटांची उपशीर्षकं, असं मोजता येणारं काहीतरी.

आता प्रकल्प. तिसऱ्या सत्राचे ४ आणि चौथ्याचे ६ असे १० क्रेडिट, प्रात्यक्षिकाच्या हिशोबाने ३०० तास. विषय या ३०० तासांत मावला पाहिजे. ‘मराठी चित्रपटातील स्त्रीचित्रण’ हा विषय ३००० तासांतही मावत नाही. त्याऐवजी असं बघा: प्रभातने काही चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत काढले. १९३७ चा ‘कुंकू’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’, १९३९ चा ‘माणूस’ आणि ‘आदमी’. या दोन जोड्यांमधले निवडक सीन शेजारी ठेवून काय बदललं ते शोधायचं. चार चित्रपट, प्रत्येकातले तीन सीन, प्रत्येक सीन सुमारे ८ मिनिटांचा; म्हणजे ९६ मिनिटांचा शॉटतक्ता. मिनिटाला पाऊण तास धरला तर ७२ तास. वाचनाला ८०, संग्रहालयातल्या पुस्तिका आणि जुन्या अंकांना ४०, पहिल्या खर्ड्याला ७५, दुरुस्ती आणि मौखिकीच्या तयारीला ३३. झाले ३००. हा विषय पूर्ण होतो. मात्र आधी चारही चित्रपटांच्या बघण्याजोग्या, बिनकापलेल्या प्रती मिळतात का ते पाहा, आणि नाव नोंदवण्याआधी पाहा. प्रती नाहीत हे जानेवारीत कळलं की विषय बदलावा लागतो आणि तिसऱ्या सत्राचं काम वाया जातं.

वेळापत्रक सांगायचं तर दुसरं सत्र संपण्याआधी विषयाचं एक पान गाईडकडे गेलेलं असावं. तिसऱ्या सत्रात आधी झालेल्या कामाचा आढावा, पद्धत आणि एक नमुना-विश्लेषण पूर्ण व्हावं. चौथ्या सत्राच्या पहिल्या आठ आठवड्यांत पूर्ण खर्डा, उरलेल्यात दुरुस्ती. प्रत्यक्षात बहुतेकांचं गाडं आढाव्यावर अडतं, कारण ते प्रत्येक लेखाचा सारांश एकाखाली एक लिहितात. आढावा म्हणजे आधीच्या अभ्यासकांचं कुठे एकमत आहे, कुठे वाद आहे आणि तुमचा प्रश्न त्यात कुठे बसतो, एवढंच.

प्रकल्पाऐवजी व्हिडिओ निबंध (चित्रपटाचे उतारे जोडून केलेलं दृक्‌श्राव्य विश्लेषण) चालतो का, असं हल्ली विचारलं जातं. काही विभाग परवानगी देतात, पण सोबत लेखी भाग मागतात. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात संशोधन आणि समीक्षेसाठी उचित वापराची मुभा आहे. तरीही उतारे गरजेपुरते घ्या आणि स्रोत पडद्यावर लिहा. यूट्यूबची यंत्रणा कायदा बघत नाही, आवाज जुळला की व्हिडिओ अडवते. सबमिशन पेनड्राइव्हवर करा.

ब्रिटनची तुलना करताना आपले ८८ आणि तिथल्या एम.ए.चे १८० क्रेडिट हे आकडे शेजारी ठेवू नका. तिथला १ क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे एकूण १० तास, वर्गातले आणि घरचे मिळून. १८० क्रेडिट म्हणजे १८०० तास, साधारण बारा महिन्यांत. यातले १२० क्रेडिट दोन सत्रांतल्या विषयांचे, ६० क्रेडिट उन्हाळ्यातल्या प्रबंधाचे. त्या प्रबंधाला ६०० तास मिळतात, आपल्या प्रकल्पाच्या दुप्पट. लांबी सहसा १०,००० ते १५,००० शब्द. आपल्याकडे ८८ क्रेडिट सगळे व्याख्यानाचे धरले तरी १३२० तास वर्गातच जातात. तिथे ३० क्रेडिटच्या विषयाला ३०० तासांपैकी वर्ग थोडाच, बाकी वाचन. म्हणून आपल्याकडून जाणाऱ्याला पहिल्या महिन्यात वेळ रिकामा वाटतो आणि डिसेंबरात एकदम तीन-चार हजार शब्दांचे दोन-तीन निबंध अंगावर येतात. गुणांचंही तसंच: उत्तीर्ण व्हायला ५०, मेरिटला ६०, डिस्टिंक्शनला ७०. तिथे ६८ गुण मिळाले तर ते उत्तम आहेत, इकडच्या सवयीने वाईट वाटून घेऊ नका. युरोपात इतरत्र जायचं असेल तर ब्रिटनचे २ क्रेडिट म्हणजे १ ईसीटीएस, म्हणजे युरोपभर चालणाऱ्या पद्धतीचा १ क्रेडिट.

प्राध्यापक व्हायचा विचार असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या की यूजीसी नेटमध्ये (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत) चित्रपट अभ्यास हा वेगळा विषय नाही. बहुतेक विद्यार्थी जनसंवाद आणि पत्रकारिता घेतात. त्या दुसऱ्या पेपरच्या १०० प्रश्नांत पत्रकारितेचा इतिहास, जाहिरात, जनसंपर्क, माध्यम कायदा हे सगळं येतं. चार वैकल्पिक विषयांपैकी निदान एक या बाजूचा निवडा, नाहीतर एम.ए. झाल्यावर सहा महिने वेगळा अभ्यास करावा लागतो.

विभागात प्रत्यक्ष जाऊन एवढं विचारा: गेल्या वर्षीचे प्रकल्प बघायला मिळतील का? एका गाईडकडे किती विद्यार्थी असतात? छापील वैकल्पिक विषयांपैकी खरोखर किती चालतात? पुस्तिकेत सहा असतात आणि शिक्षक दोनच म्हणून दोनच चालतात, हे सर्रास घडतं. मराठीत प्रकल्प लिहिता येतो का आणि तपासणारा परीक्षक मराठी वाचणारा असतो का, हेही विचारा. पाच प्रकल्प मागून घ्या, ग्रंथालयात बसा आणि प्रत्येकाचं फक्त तिसरं प्रकरण वाचा, जिथे विश्लेषण असतं. त्यात चित्रपटाच्या कथेचा सारांश असेल की शॉट, आवाज आणि प्रत यांच्याबद्दल बोललेलं असेल, ते अर्ध्या तासात कळतं.